२३७ सह्यांची जाहिरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा २४ मार्चला अर्जेंटिनातल्या लष्करी उठावाला ५० वर्षं पूर्ण झाली. मराठीत त्यावर माझ्या वाचण्यात फार काही आलं नाही. मॅराडोना आणि मेसीमुळे हा देश आपल्या पोरांना पाठ आहे, पण लष्कराने ज्यांची मुलं गायब केली त्या तिथल्या आयांनी काय केलं ते मोठ्यांनाही ठाऊक नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, जागेसाठी कापावं लागलं तर खुशाल कापा, फक्त यातली नावं कापू नका एवढी विनंती.

मी छोट्या जाहिरातींचं बुकिंग घेणारा माणूस. निधन, पुण्यस्मरण, हरवले आहेत, नावात बदल, जाहीर नोटीस, हे सगळं वर्षानुवर्षं माझ्या काउंटरवरून गेलंय, त्यामुळे पेपर हातात आला की मी आधी पैसे देऊन छापलेल्या चौकटी वाचतो आणि मग बातम्या. हे सांगण्याचं कारण असं की अर्जेंटिनाच्या हुकूमशाहीला तिथल्या आयांनी भर पेपरात जो पहिला जाहीर प्रश्न विचारला तो अशाच एका पैसे भरून घेतलेल्या जागेतून. बातमी म्हणून तो कुणी छापलाच नसता.

परवा आमच्या एका ग्रुपवर वाद झाला. कुठल्यातरी देशातल्या तुरुंगात असलेल्या माणसाबद्दल एकाने पत्रक टाकलं, त्यावर लगेच दुसरा म्हणाला की असल्या मेसेजांनी काय होतं, हुकूमशहाला फक्त बंदूक कळते. बरेच जण हो म्हणाले. मला ते अजिबात पटत नाही आणि ग्रुपवर एवढं सगळं टाईप करणं जमणार नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवतोय.

आधी तिथे झालं काय ते बघा. २४ मार्च १९७६ ला लष्कराने इसाबेल पेरॉनचं सरकार उलथवलं आणि विडेला, मासेरा, अगोस्ती या तीन सेनाप्रमुखांनी सत्ता घेतली. त्याच दिवशी हुकूम निघाला की सैन्याची बदनामी होईल असं काही छापलं किंवा प्रसारित केलं तर दहा वर्षांपर्यंत कैद. महिन्याभरात, २२ एप्रिलला, पेपरांना कळवण्यात आलं की सापडलेली प्रेतं, मारले गेलेले लोक, गायब झालेले लोक यांच्याबद्दल सरकारी सूत्रांनी सांगितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. बहुतेक पेपरांनी ते मुकाट्याने मान्य केलं.

आणि मग लोक गायब व्हायला लागले. हिरव्या फोर्ड फाल्कन गाड्यांतून साध्या कपड्यांतली माणसं यायची, घरातून, कारखान्यातून, कॉलेजातून, भर रस्त्यातून उचलून न्यायची आणि त्यानंतर कुठेच काही नाही. पोलीस ठाण्यात गेलं तर नोंद नाही, बराकीत गेलं तर असा कुणी इथे आलाच नाही, मंत्रालयात गेलं तर मुलगा परदेशी पळाला असेल बघा, नाहीतर कुणा बाईबरोबर गेला असेल. कोर्टात हेबियस कॉर्पसचे, म्हणजे पकडलेला माणूस कोर्टासमोर हजर करा असे, अर्ज हजारोंनी पडले आणि फेटाळले गेले, कारण सरकार म्हणणार की आमच्या ताब्यात असा माणूसच नाही. (त्याच एप्रिलच्या २८ तारखेला आपल्या सुप्रीम कोर्टाने आणीबाणीत हेबियस कॉर्पस मागता येणार नाही असा निकाल दिला होता, पाचातल्या एका न्यायमूर्तींनी, खन्नांनी, विरोध नोंदवला. आपण फार लांबून बोलतोय असं कुणाला वाटू नये म्हणून हे सांगितलं.) ब्युनोस आयर्समध्ये नौदलाची एक शाळा आहे, एस्मा म्हणतात तिला, तिथे अंदाजे ५,००० माणसं नेली गेली आणि त्यातली फार थोडी जिवंत परत आली. अनेकांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून समुद्रात फेकलं.

माझ्या मते या राजवटीचं सगळ्यात मोठं हत्यार बंदूक नव्हतंच, नोंद न ठेवणं हे होतं. खून केला की प्रेत असतं, पंचनामा असतो, तारीख असते, अंत्ययात्रा निघते. अटक केली की वॉरंट असतं, वकील असतो. इथे काहीच नाही, त्यामुळे शेजारीसुद्धा म्हणायला मोकळे की काहीतरी केलं असेल त्याशिवाय का नेतील. तर अशा सरकारविरुद्ध जेव्हा कुणी जाहीरपणे लिहितं की अमुक नावाचा माणूस अमुक तारखेला अमुक ठिकाणाहून नेला गेला, तेव्हा ती नुसती तक्रार नसते, त्या सरकारचं सगळं काम ज्यावर चाललंय तिथेच तो घाव असतो. ग्रुपवरच्या मित्रांना मला हेच समजावून सांगायचं होतं.

पहिला मोठा घाव घातला तो रोदोल्फो वॉल्श या पत्रकाराने. तो मूळचा क्राईमच्या भानगडी खणून काढणारा माणूस. उठावानंतर त्याने लपून एक न्यूज एजन्सी चालवली, पत्रकं टाईप करून, चक्रमुद्रण करून पोस्टाने पाठवायचा आणि वाचणाऱ्याला सांगायचा की हे हाताने लिहून, टाईप करून, तोंडी, जसं जमेल तसं पुढे द्या, कारण दहशत टिकते ती लोकांचा आपापसातला संपर्क तुटल्यामुळे. उठावाला एक वर्ष झालं त्या दिवशी, २४ मार्च १९७७ ची तारीख टाकून, त्याने लष्करी मंडळाला खुलं पत्र लिहिलं. त्यात आकडे होते: १५,००० गायब, १०,००० कैदेत, ४,००० मृत, हजारोंच्या संख्येने देशोधडीला लागलेले. शिवाय पगार किती घसरले, महागाई किती झाली, तेही होतं, म्हणजे हे सगळं रक्त कुणाच्या फायद्यासाठी सांडतंय तेही त्याने मांडलं. खाली स्वतःचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर. दुसऱ्या दिवशी शहरातल्या पोस्टाच्या पेट्यांत त्याने प्रती टाकल्या आणि त्याच दिवशी एस्माच्या टोळीने त्याला रस्त्यात गाठून गोळ्या घातल्या. प्रेत आजवर मिळालेलं नाही. आपलं कुणी ऐकेल अशी आशा नाही आणि पाठलाग होणार याची खात्री आहे, हे त्याने त्या पत्रातच लिहून ठेवलं होतं, तरी लिहिलं. देशातल्या एकाही पेपरने तेव्हा ते छापलं नाही, पण हातोहात ते देशाबाहेर गेलं.

आता आयांकडे येतो. ३० एप्रिल १९७७, शनिवार. १४ बायका राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात, प्लाझा दे मायोमध्ये, जमल्या. असुसेना व्हियाफ्लोर ही त्यांची पुढारी, कधीकाळी कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती, मुलगा आणि होणारी सून नोव्हेंबर १९७६ मध्ये नेले गेले. ऑफिसांच्या आणि चर्चच्या वेटिंग रूममध्ये रोज त्याच त्याच बायका भेटायच्या, तेव्हा तीच म्हणाली की एकेकटीने हिंडून काही होणार नाही, चौकात जायला पाहिजे. पण शनिवारी चौक रिकामा, बघायला कुणी नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, मग वार बदलत बदलत गुरुवार दुपार साडेतीन ठरली, त्या वेळी बँका आणि ऑफिसं चालू असतात. जमावबंदी होती म्हणून पोलीस म्हणाले, उभं राहायचं नाही, चालत रहा. तर त्या दोघी दोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती चालायला लागल्या. पोलिसांनी त्यांना पांगवायला दिलेला हुकूमच त्यांनी वापरला. अजूनही दर गुरुवारी ती फेरी होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुहानच्या देवीच्या यात्रेला, आपल्या वारीसारखी लाखो लोकांची पायी यात्रा असते ती, या बायकांना गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरी बाळोती बांधली, आपापल्या लेकरांची जपून ठेवलेली. ज्या रुमालाचं चित्र आता जगभर भिंतींवर दिसतं त्याची सुरुवात ती.

आणि ५ ऑक्टोबर १९७७ ला 'ला प्रेन्सा' या पेपरात त्यांची जाहिरात आली. मी तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही, कारण जाहिरातीचा मजकूर कसा लिहावा याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. विडेला नुकताच अमेरिकेत जाऊन पत्रकारांना सांगून आला होता की जो खरं बोलेल त्याला त्याबद्दल काही त्रास होणार नाही. आयांनी जाहिरातीत त्याचंच हे वाक्य घेतलं, त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून पूर्ण मानाने संबोधून, आणि पुढे विचारलं की मग आमच्या मुलांचं काय झालं हे खरं कळावं म्हणून आम्ही जायचं कुणाकडे? ते जिवंत आहेत की मेलेत आणि कुठे आहेत एवढंच आम्हाला सांगा. खाली गायब झालेल्यांच्या आया आणि पत्नी मिळून २३७ जणींच्या सह्या.

बघा, यात सरकार पाडा नाही, मुर्दाबाद नाही, विचारधारा नाही, एकही शिवी नाही. अशी जाहिरात नाकारायची तर पेपरने काय कारण द्यायचं? आणि सरकारने काय उत्तर द्यायचं? जिवंत आहेत म्हटलं तर दाखवा, मेलेत म्हटलं तर कुणी मारलं. लष्कराला उत्तर देता येईना आणि प्रश्न खोटाही म्हणता येईना. सह्या स्वतःच्या नावाने होत्या हे विसरू नका. निनावी पत्रक वाऱ्यावर सोडून देता येतं, पण २३७ बायका नावानिशी उभ्या राहतात तेव्हा वाचणाऱ्याला त्यातली एखादी आपल्या गल्लीतली निघते.

दुसरी जाहिरात त्यांनी ठरवली १० डिसेंबरसाठी, मानवी हक्क दिनासाठी. पुन्हा सह्या, पुन्हा पैसे. आमच्याकडे वर्गणी काढून श्रद्धांजलीची जाहिरात देणारे मित्रमंडळी येतात तेव्हा नोटा मोजताना मला हा प्रसंग आठवतो. ८ डिसेंबरला सांताक्रूझ चर्चमध्ये त्या आणि त्यांचे साथीदार जाहिरातीचे पैसे गोळा करायला जमले होते आणि बाहेर पडताना टोळीने त्यांना गाठलं. त्यांच्यात कित्येक महिने एक गोरा, सभ्य तरुण यायचा, भाऊ गायब झालाय म्हणून सांगायचा, गुस्ताव्हो निन्यो नाव लावायचा, आयांचा त्याच्यावर जीव, बाळा तू नको येऊस इथे तुला धोका आहे असं त्याच त्याला सांगायच्या. तो नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस होता. त्याने कुणाला उचलायचं ते दाखवून दिलं.

त्या दोन-तीन दिवसांत बारा जणांना नेलं. त्यात एस्तेर बायेस्त्रिनो होत्या, मारिया पोन्से होत्या, आलिस दोमोन आणि लेओनी द्युके या दोन फ्रेंच नन होत्या. एस्तेरबाईंबद्दल थोडं थांबून सांगतो. त्या केमिस्ट, पोप फ्रान्सिस तरुणपणी ज्यांच्या हाताखाली लॅबमध्ये कामाला होते त्या ह्याच. त्यांची सोळा वर्षांची गरोदर मुलगी पळवली होती आणि ती सुटून परत आली होती. म्हणजे त्यांना आता चौकात यायचं काही कारण उरलं नव्हतं, पोरगी परदेशात सुखरूप, बाकीच्या आया म्हणाल्या तुम्ही जा. त्या म्हणाल्या सगळ्यांची पोरं मिळेपर्यंत मी येणार. आणि आल्या.

जाहिरात थांबली नाही. उरलेल्या बायकांनी राहिलेले पैसे भरले आणि १० डिसेंबर १९७७ ला ती 'ला नासिओन'मध्ये छापून आली. असुसेना त्या सकाळी पेपर आणायला घराबाहेर पडली आणि तिला कोपऱ्यावर उचललं.

काही दिवसांनी समुद्राने काही प्रेतं किनाऱ्यावर आणून टाकली, ती बेवारस म्हणून पुरली गेली. २००५ मध्ये तिथल्या फॉरेन्सिक तज्ज्ञांच्या टीमने हाडांवरून आणि डीएनएवरून ओळख पटवली: असुसेना, एस्तेर, मारिया, लेओनी. असुसेनाच्या अस्थी त्याच चौकात, त्या चालायच्या त्या स्तंभाच्या पायथ्याशी पुरल्या आहेत. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली.

आता कुणी म्हणेल की बघा, जाहिरातीने जीवच गेले. हो, गेले, आणि म्हणूनच लांबून दुसऱ्याला बोल बोल म्हणणाऱ्यांनी हे सगळं वाचून मग बोलावं. पण एक विचार करा, ज्यांच्याकडे विमानं, रणगाडे, तुरुंग सगळं होतं त्यांनी मध्यमवयीन बायकांच्या एका जाहिरातीसाठी आपला अधिकारी कित्येक महिने कामाला लावला. निरुपयोगी गोष्टीसाठी एवढी तजवीज कोण करतं?

पेपरवाल्यांमध्ये एकाचं नाव मुद्दाम घेतो, 'ब्युनोस आयर्स हेरल्ड'चे संपादक रॉबर्ट कॉक्स. लहानसा इंग्रजी पेपर. गायब झालेल्याचे नातेवाईक आले की ते सांगायचे, आधी कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज टाका आणि त्याची प्रत आणा. अर्ज फेटाळला जाणार हे दोघांनाही ठाऊक, पण कोर्टात अर्ज पडला की ती कोर्टाची बातमी झाली आणि ती नावासकट छापायला आधार मिळाला. ह्याला म्हणतात संपादकाचं डोकं. त्यांना अटक झाली, धमक्या आल्या, शेवटी मुलाच्या नावाने घरी धमकीचं पत्र आलं तेव्हा डिसेंबर १९७९ मध्ये त्यांनी देश सोडला. तोपर्यंत जी नावं त्यांनी छापली त्यातली काही माणसं त्यामुळेच वाचली.

सरकारही गप्प बसलं नव्हतं, त्यांनी स्वतःची प्रसिद्धी चालवलीच होती, अमेरिकेतली एक मोठी जाहिरात कंपनी प्रतिमा सुधारायला नेमली होती. १९७८ चा फुटबॉल वर्ल्ड कप तर त्यांना आयताच मिळाला. पण १ जून १९७८ ला, उद्घाटनाच्या दिवशी, स्टेडियम सोडून डच टीव्हीचे लोक चौकात गेले आणि तिथे एक आई माईकसमोर रडत म्हणाली की तुम्हीच आमची शेवटची आशा. ते युरोपात घराघरात दिसलं.

मग सप्टेंबर १९७९ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांचा मानवी हक्क आयोग चौकशीला आला. सरकारने गाड्यांवर लावायला स्टिकर वाटले, आम्ही अर्जेंटिनावाले सरळ आणि माणुसकीची माणसं आहोत अशा अर्थाचे. एकीकडे हे स्टिकर आणि दुसरीकडे आवेनिदा दे मायो रस्त्यावर आयोगाच्या ऑफिसबाहेर नातेवाइकांची रांग. ७ सप्टेंबरला मॅराडोनाच्या टीमने जपानमध्ये युवा वर्ल्ड कप जिंकला आणि एका मोठ्या रेडिओ समालोचकाने लोकांना चेतवलं की त्या रस्त्यावर जा, परदेशी लोकांना खरी अर्जेंटिना दाखवा. जल्लोष करणारी गर्दी त्या रांगेवरून गेली. रांग हलली नाही. आयोगाकडे ५,५८० तक्रारी नोंदल्या गेल्या. माझ्या नजरेसमोर ती रांग येते तेव्हा मला वाटतं की प्रत्येकाच्या हातात काय असेल, एक नाव, एक तारीख, एक फोटो, बस. पण त्या सगळ्यांचा मिळून अहवाल झाला, आणि गायब हा शब्द जगाच्या सरकारी कागदावर चढला.

त्याच डिसेंबरमध्ये एका पत्रकाराने पत्रकार परिषदेत विडेलाला थेट विचारलं तेव्हा तो हात हलवत म्हणाला की गायब माणूस हा जिवंतही नाही, मेलेलाही नाही, तो गायब आहे, त्याला अस्तित्व नाही. तीन वर्षं ज्या विषयावर बोलायलाच बंदी होती त्यावर खुद्द प्रमुखाला कॅमेऱ्यासमोर बोलावं लागलं आणि जे बोलला ते त्याच्या गळ्यात कायमचं अडकलं.

मी असं म्हणणार नाही की जाहिरातींनी आणि फेऱ्यांनी सरकार पाडलं. तसं म्हणणं खोटं होईल. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात १४ जूनला शरणागती झाली, अर्थव्यवस्था ढासळली होती, तेव्हा लष्कराचे पाय लटपटले. (युद्धज्वराच्या त्या दिवसांतसुद्धा आया चौकात फलक घेऊन उभ्या होत्या की माल्विनास (फॉकलंडला तिथे हेच नाव) बेटं अर्जेंटिनाची आहेत, आणि गायब झालेलेही अर्जेंटिनाचेच आहेत. आसपास सगळा देश झेंडे नाचवत असताना हे धरायला काय हिंमत लागली असेल.) पण सरकार पडल्यावर पुढे काय झालं ते बघा, कारण खरा फरक तिथे पडला. शेजारच्या ब्राझीलने १९७९ मध्येच माफीचा कायदा केला आणि छळ करणारे निवांत सुटले. अर्जेंटिनाच्या सेनापतींनीही जाता जाता सप्टेंबर १९८३ मध्ये स्वतःला माफी देणारा कायदा करून घेतला. त्याच सुमारास, २१ सप्टेंबरला, आयांच्या मोर्चात तीन चित्रकारांच्या कल्पनेवरून लोकांनी कागदावर आडवं पडून एकमेकांच्या आकृत्या काढल्या, पूर्ण उंचीच्या, आणि रात्रीतून चौकाच्या आसपासच्या भिंतींवर, झाडांवर, चर्चवर शेकड्यांनी चिकटवल्या. सकाळी कामाला निघालेल्या लोकांच्या अंगावर त्या आकृत्या आल्या. नुसता आकडा ऐकणं वेगळं आणि तेवढी माणसं भिंतीला उभी दिसणं वेगळं.

महिन्याभराने ३० ऑक्टोबरला निवडणूक. पेरॉनवादी, म्हणजे इसाबेल पेरॉनच्या पक्षाचा, उमेदवार म्हणाला की या माफीचे कायदेशीर परिणाम आता पुसता येणार नाहीत, राऊल आल्फोन्सिन म्हणाला मी ती रद्द करणार. तोवर पेरॉनवाद्यांना खुल्या निवडणुकीत कुणी हरवलं नव्हतं. आल्फोन्सिन जवळजवळ ५२ टक्के मतं घेऊन जिंकला, शपथ घेतली १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनीच, आणि माफी रद्द झाली. १९८५ मध्ये लष्करी नव्हे, साध्या नागरी न्यायाधीशांसमोर नऊ सेनापती उभे राहिले, ८३३ साक्षी झाल्या, विडेला आणि मासेराला जन्मठेप. पुढे लष्कराच्या दबावाखाली खटले थांबवणारे कायदे झाले, राष्ट्राध्यक्ष मेनेमने माफी दिली, आया आपल्या फेऱ्या मारतच राहिल्या, आणि २००३ नंतर खटले पुन्हा उघडले. विडेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला. हे सगळं होऊ शकलं कारण नावांच्या याद्या, तारखा, साक्षीदार सात वर्षं आधीपासून लोकांसमोर जाहीर पडून होते. ते नसते तर कोर्टात ठेवायला काय होतं?

आकड्यांबद्दल एक गोष्ट, कारण आपल्याकडे फॉरवर्डमध्ये आकडे फुगवायची फार सवय आहे. लोकशाही आल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाने १९८४ मध्ये ८,९६१ गायब माणसांची नोंद केली आणि ही यादी अपुरी आहे हेही लिहिलं. मानवी हक्क संघटना ३०,००० म्हणतात. आज तिथे काही राजकारणी हा फरक धरून सगळंच खोटं होतं असं सुचवतात. ज्यांनी नोंदच ठेवली नाही त्यांच्या वारसांनी नोंद कमी आहे म्हणणं मला संतापजनक वाटतं. पण यातून आपण घ्यायचं ते हे की मेसेज पाठवताना नाव, तारीख, ठिकाण तपासून पाठवा, एक चुकीचं नाव शंभर खऱ्या नावांवर संशय आणतं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. आणीबाणी लागल्यावर २८ जून १९७५ ला मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या छोट्या जाहिरातींत एक निधनवार्ता छापून आली होती, लोकशाही वारल्याची, सत्याची ती सहचर आणि स्वातंत्र्याची जन्मदाती, २६ जूनला निधन. सेन्सॉरच्या नजरेतून ती सुटली, कारण निधनाच्या कॉलमकडे कोण बघतं. आणि कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत जे बोलल्या ते महाराष्ट्र अजून विसरलेला नाही, पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. आपली एकवीस महिन्यांची आणीबाणी आणि तिथली सात वर्षं एका मापाने मोजता येत नाहीत हे मला कळतं. पण जाहीर शब्दाला सत्ता किती घाबरते हे दोन्हीकडे सारखंच दिसलं.

आता तुमच्याकडे मागणं. अर्जेंटिनात 'पाहिना दोसे' नावाचा पेपर आहे. २५ ऑगस्ट १९८८ ला एस्तेला दे कार्लोत्तो या आजीबाईंनी तिथे आपल्या लॉरा या मुलीची आठवण छापली, तिला मारून बरोबर दहा वर्षं झाली होती, आणि लॉराने कैदेत जन्म दिलेलं बाळ तेव्हा कुठे होतं तेही ठाऊक नव्हतं (तो नातू २०१४ मध्ये सापडला, छत्तीस वर्षांचा होऊन). तेव्हापासून तो पेपर गायब झालेल्यांच्या अशा आठवणी छापत आलाय, एक छोटा फोटो, नाव, नेल्याची तारीख आणि घरच्यांच्या दोन ओळी, आणि त्याचे पैसे घेत नाही. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत मृत्यूची तारीख असते, यात बहुतेक वेळा ती नसते, कारण ती कुणालाच माहीत नाही.

३० ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जबरदस्तीने गायब केलेल्यांचा दिवस आहे. भारताने या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय करारावर फेब्रुवारी २००७ मध्ये सही केली पण अजून तो संमत केलेला नाही, ह्यावर तुम्ही एक अग्रलेख लिहावा असं मला मनापासून वाटतं. आणि त्या दिवशी आतल्या पानावर, निधनाच्या कॉलमशेजारी, एक चौकट मोफत द्या. जगातल्या कुठल्याही देशातली असोत, पण ज्यांच्या घरचे अजून विचारतायत अशा माणसांची नावं त्यात यावीत, तपासलेली, तारखेसकट. दोन कॉलम आणि दहा सेंटिमीटर उंची पुरते, मी हिशोब केलाय. तुम्ही जागा दिलीत तर टायपिंग, प्रूफ आणि नावांची खातरजमा करायचं काम मी विनामोबदला करतो, आमच्याकडची दोन कॉलेजातली मुलंही तयार आहेत. मजकूर तुमच्याकडे २० ऑगस्टच्या आत पोचवेन, म्हणजे तुम्हाला बघायला वेळ मिळेल.

आपला,
एक जुना वाचक आणि जाहिरात एजंट
मिरज